‘सोसायटीत चालत नाही’ असं सांगून घर नाकारलं, तर काय करायचं

भाड्याचं घर शोधताना नकार क्वचितच सरळ शब्दांत मिळतो. आडनाव विचारलं जातं, मग ‘व्हेज की नॉनव्हेज’, मग ‘फॅमिली आहे ना?’, आणि संध्याकाळी एजंटचा निरोप येतो: ‘ओनरला चालतंय हो, पण सोसायटी परमिशन देत नाही.’ विकत घेतानाही हाच खेळ चालतो, फक्त तिथे ‘परमिशन’ऐवजी ‘एनओसी’ हा शब्द येतो.

आधी कडू भाग सांगून टाकू. भारतात घराच्या बाबतीतला भेदभाव सरसकट बंद करणारा एकच कायदा नाही. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई केली आहे, पण ती प्रामुख्याने शासनाला. म्हाडा किंवा सिडकोने घर वाटताना भेदभाव केला तर थेट उच्च न्यायालयात जाता येतं. खासगी मालकाने ‘मुसलमानांना देत नाही’ किंवा ‘बॅचलर नकोत’ म्हटलं, तर त्या एका वाक्यासाठी त्याला शिक्षा करणारं कलम दाखवता येत नाही. जो वकील पहिल्याच भेटीत ‘संविधानाखाली केस ठोकू’ म्हणतो, त्याला कोणत्या कलमाखाली आणि कोणाविरुद्ध, एवढंच विचारा.

म्हणून काहीच करता येत नाही, असं मात्र नाही. दोन गोष्टी ठरवायच्या: नकार नेमका दिला कोणी, आणि कोणत्या कारणावरून. पुढची वाट त्यावरच ठरते.

नकार कोणाचा?

मालक, एजंट, सोसायटी आणि बिल्डर या चौघांचे अधिकार वेगवेगळे आहेत. एजंटला स्वतःचा काही अधिकारच नाही, तो निरोप्या. मालकाला घर कोणाला द्यायचं याची बरीच मोकळीक आहे, पण खाली दिलेले काही कायदे त्यालाही बांधतात. बिल्डर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, कक्षेत येतो. सोसायटीचे अधिकार सगळ्यात कमी, आणि नेमकं तिचंच नाव सगळ्यात जास्त वेळा पुढे केलं जातं. कित्येकदा मालकाला स्वतःच नको असतं आणि सोसायटीच्या खांद्यावर बंदूक ठेवली जाते. हे बाहेर काढायचा सोपा उपाय म्हणजे लेखी विचारणं.

एजंटला व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका: ‘फ्लॅट क्र. अमुक आम्हाला पसंत आहे. भाडं आणि डिपॉझिट मान्य आहे. सोसायटीची हरकत आहे असं आपण फोनवर म्हणालात. हरकत कोणी घेतली आणि कारण काय, कृपया कळवा.’ वाद घालू नका, टोमणा मारू नका. उत्तर आलं तर तो पुरावा. नाही आलं तरी तुम्ही विचारणा केल्याची तारखेसह नोंद राहते.

भाड्याने देताना सोसायटीचा हात कुठवर पोचतो

२०१४च्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीनुसार, सभासदाला सदनिका लीव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने सोसायटीला कळवायचं, नोंदणी केलेल्या कराराची प्रत द्यायची आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याची पोच जोडायची. भाडेकरूची मुलाखत घेणारी कमिटी, लग्नाचा दाखला मागणारा सेक्रेटरी, ‘रात्री दहानंतर पाहुणे नकोत’ असं लिहून घेणारं पत्र, यांतलं काहीही या उपविधींत नाही. पोलीस पडताळणीचंही तसंच. ती पोलिसांना दिलेली माहिती आहे, पोलिसांनी दिलेली परवानगी नाही.

यात एक अडचण येते. आदर्श उपविधी आपोआप लागू होत नाहीत, सोसायटीने ते स्वीकारून सहकार खात्याच्या निबंधकाकडून मंजूर करून घ्यावे लागतात. काही सोसायट्या अजून जुन्या उपविधींवर चालतात आणि त्यांत परवानगीची अट आहे. म्हणून भांडणाआधी मालकाकडून त्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत मागवा. सभासद या नात्याने ती मिळवायचा त्याला हक्क आहे.

सर्वसाधारण सभेत ‘बॅचलरना घर द्यायचं नाही’ असा ठराव झालाय, हे उत्तर हमखास मिळतं. ठराव उपविधींच्या वर जाऊ शकत नाही आणि उपविधी कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत. मालक तुमच्या बाजूने असेल तर त्याने सोसायटीला असं पत्र द्यावं:

‘सदनिका क्र. ____ लीव्ह अँड लायसन्सवर देण्यास संस्थेने तोंडी हरकत घेतली आहे. ही हरकत संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींतील कोणत्या क्रमांकानुसार घेतली, तो क्रमांक आणि संबंधित ठरावाची प्रत सात दिवसांत लेखी द्यावी. उत्तर न आल्यास संस्थेची हरकत नाही असे समजून करार नोंदवण्यात येईल.’

दोन प्रती काढायच्या. एकीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्यायची. पोच देत नसतील तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवायचं आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवायचं. बहुतेक हरकती इथेच विरघळतात, कारण ‘फॅमिली नाही’ हे कारण लेटरहेडवर लिहून खाली सही करायची तयारी फारशा कमिट्यांची नसते.

पैशांच्या वाटेनेही भेदभाव होतो. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१च्या आदेशानुसार भाड्याने दिलेल्या सदनिकेवरचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नाहीत. सेवाशुल्क महिन्याला २,००० रुपये असेल तर कमाल २०० रुपये. बॅचलर आहेत म्हणून दुप्पट किंवा विद्यार्थी आहेत म्हणून वेगळा ‘मेंटेनन्स’, याला आधार नाही.

तिढा असा की भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो. सोसायटीविरुद्ध उपनिबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात मालकच नीट भांडू शकतो. मालक पाठीशी नसेल तर ही वाट तुमच्यासाठी जवळपास बंद आहे. मग मालकावर वेळ घालवण्यापेक्षा पुढे दिलेली कारणं तपासा.

करार नोंदवलेला हवाच

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ५५प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून कामाची गोष्ट अशी की करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मुद्रांक शुल्क एकूण मोबदल्याच्या पाव टक्का आणि नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, म्हणजे खर्च फार नाही. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते.

करारात तीन गोष्टी पाहा. राहणाऱ्या सगळ्यांची नावं असावीत, म्हणजे उद्या ‘ही कोण?’ हा प्रश्न उरत नाही. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो, दोन्ही बाजूंना सारखा असावा. आणि ‘सोसायटीने हरकत घेतल्यास तात्काळ जागा सोडावी लागेल’ हे वाक्य असेल तर खोडायला सांगा. नव्वद टक्के भाग एजंटच्या ठरीव मसुद्याचा असतो, त्यात हे वाक्य गुपचूप बसलेलं सापडतं. टोकन देतानाही पावतीवर लिहून घ्या: ‘सोसायटीच्या किंवा मालकाच्या कारणाने व्यवहार रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत.’

एकत्र राहणाऱ्या अविवाहित जोडप्यांना ‘हे बेकायदेशीर आहे’ असं ऐकवलं जातं. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या खुशबू प्रकरणात स्पष्ट केलं आहे. अर्थात मालकाला घर द्यायला त्यामुळे भाग पाडता येत नाही. पण करार झाल्यावर हे कारण दाखवून हुसकावताही येत नाही. गेटवर वॉचमनने अडवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, धमकी दिली तर ३५१, मुद्दाम अपमान करून चिथावलं तर ३५२.

जातीवरून नकार: इथे कायद्याला दात आहेत

अस्पृश्यतेची बंदी, म्हणजे १७वा अनुच्छेद, शासनापुरती नाही. ती प्रत्येक माणसाला लागू आहे आणि तिच्यासाठी दोन कायदे आहेत.

पहिला नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५. त्याच्या कलम ४मध्ये कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधणं, मिळवणं किंवा त्यात राहणं यावर अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी आणणं हा स्पष्ट गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. आकडे जुने आणि हास्यास्पद वाटतात, पण कलम १२कडे लक्ष द्या: पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं आणि उलट सिद्ध करणं आरोपीवर येतं. ‘आम्ही दुसऱ्याच कारणाने नाही म्हणालो’ हे मग त्यांना दाखवून द्यावं लागतं. पोलीस ठाण्यात हा कायदा अनेकदा सुचवलाच जात नाही. फिर्यादीत तो तुम्हीच लिहा.

दुसरा अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. २०१६पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराचा गुन्हा आला, कलम ३(१)(झेडसी). नेहमीच्या व्यवहारात ज्या अटींवर एखादी गोष्ट केली जाते त्या अटींवर ती नाकारणं, हेही आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत बसतं. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. कलम ८प्रमाणे आरोपीला पीडित व्यक्तीची किंवा तिच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती असेल, तर जात ठाऊक होती असंच गृहीत धरलं जातं.

महाराष्ट्रात ज्याचा घोळ होतो तो मुद्दा: १९९०च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. ‘तुम्ही तर बौद्ध, हा कायदा तुम्हाला नाही’ असं कोणी म्हणालं तर ते चूक. जातीचा दाखला सोबत ठेवा.

या तक्रारी कुठे फसतात? अत्याचार प्रतिबंध कायद्यातल्या जातिवाचक अपमानाच्या कलमासाठी तो अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ व्हावा लागतो. चार भिंतींआड, तिसरं कोणी नसताना झालेलं बोलणं त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या हितेश वर्मा प्रकरणात सांगितलं. दोघांतला फोन म्हणूनच एकट्या त्या कलमावर टिकत नाही. फिर्यादीत घर नाकारणं हा मुख्य मुद्दा ठेवा आणि नागरी हक्क कायद्याचं कलम ४ जोडा. दुसरी चूक म्हणजे सगळ्या कमिटीची नावं घालणं. कोण काय बोललं ते जितकं नेमकं, तितकं चांगलं.

अत्याचार प्रतिबंध कायद्याखालचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याने, शहरात सहायक आयुक्ताने, करायचा असतो. हवालदाराने जबाब लिहून घेऊन विषय मिटवणं नियमात बसत नाही. गुन्हा नोंदवायला टाळाटाळ झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)खाली पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात उपायुक्तांना लेखी कळवा, तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. १४५६६ ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

महाराष्ट्राचा २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा इथे वापरायचा मोह होतो. तो एकाच समाजातल्या माणसांनी त्याच समाजातल्या व्यक्तीला वाळीत टाकण्याविरुद्ध, म्हणजे जातपंचायतींविरुद्ध आहे. परक्या सोसायटीने घर नाकारलं तर तो लागत नाही.

तृतीयपंथी, एचआयव्हीसह जगणारे, दिव्यांग

या तिघांना स्वतंत्र संरक्षण आहे, आणि पहिल्या दोन कायद्यांची भाषा खूप थेट आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९चा कायदा आणि एचआयव्ही-एड्सचा २०१७चा कायदा, दोन्हींच्या कलम ३मध्ये राहण्याचा, विकत घेण्याचा, भाड्याने घेण्याचा हक्क नाकारणं भेदभाव म्हणून नाव घेऊन लिहिलं आहे. हे बंधन खासगी मालकावरही आहे. तृतीयपंथींच्या कायद्यात ‘आस्थापना’ या शब्दात सहकारी संस्था येते, म्हणजे गृहनिर्माण सोसायटीही. एचआयव्हीच्या कायद्यात बाधित व्यक्तीसोबत राहणाऱ्यांनाही संरक्षण आहे, आणि तक्रार राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे होते. दिव्यांगांसाठी २०१६चा कायदा आणि पुण्यातलं राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय. रॅम्पला किंवा लिफ्टजवळच्या पार्किंगला सोसायटी आडवी आली तर तिकडे अर्ज करायचा.

विकत घेताना

इथे तुमची बाजू भाडेकरूपेक्षा खूप भक्कम असते. आदर्श उपविधींनुसार सदनिका हस्तांतरणासाठी सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरजच नाही. विकणाऱ्याने हस्तांतरणाच्या इराद्याची १५ दिवसांची नोटीस द्यायची, एवढंच. बँक कर्जासाठी दाखला मागते तेव्हा अडवणूक सुरू होते. सभासदाने मागितला तर कमिटीने महिन्याभरात निर्णय द्यायचा असतो, म्हणून तो अर्ज बँकेच्या फाइलआधीच पोच घेऊन दाखल करा. हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) महापालिका क्षेत्रात कमाल २५,००० रुपये. शिवाय हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. त्यावर ‘बिल्डिंग फंडाला स्वेच्छा देणगी’ मागणं हा अधिमूल्याची मर्यादा चुकवायचा जुना धंदा आहे.

खरेदीखत नोंदलं की मालकी तुमची. उरतं सभासदत्व. सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम २३ने पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. क्रम असा:

१. विहित नमुन्यात अर्ज, फी आणि खरेदीखताची प्रत देऊन पोच घ्या. पोचेवरची तारीख जपा, सगळी मुदत तिच्यापासून धावते.

२. नकार असेल तर तो कारणांसह कळवायला हवा. तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर कलम २२(२)प्रमाणे तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. त्यावर वाद झाला तर निबंधक निर्णय देतो.

३. अर्जच घेत नसतील तर तो फीसह थेट निबंधकाकडे द्या, कलम २३(१अ). तो ३० दिवसांत सोसायटीकडे पाठवतो, आणि तिथून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर पुन्हा मानीव सभासदत्व.

४. लेखी नकार आला तर कलम २३(२)खाली निबंधकाकडे अपील. दोन महिने उलटू देऊ नका. मुंबईत हे काम वॉर्डनिहाय उपनिबंधकांकडे असतं.

लोक हरतात ते पहिल्या पायरीवर. अर्ज सेक्रेटरीच्या हातात दिला, तो म्हणाला ‘बघतो’, आणि सहा महिने गेले. पोच नाही, तर तीन महिन्यांची मोजणी सुरूच होत नाही.

एक अपवाद मात्र सौदा करण्याआधी तपासायलाच हवा. एखाद्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींतच सभासदत्व एका समाजापुरतं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या प्रकरणात असा उपविधी वैध ठरवला आहे. मुंबईतल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवातच अशी झाली, १९१५मध्ये गावदेवीत सारस्वतांच्या सोसायटीने. निकालावर भरपूर टीका झाली, ती पटण्यासारखीही आहे, पण तो उभा आहे. लक्षात घ्यायचं ते इतकंच की हा अपवाद नोंदणीकृत उपविधीचा आहे, ‘आमच्याकडे पहिल्यापासून सगळे शाकाहारीच आहेत’ या रिवाजाचा नाही. टोकनआधी उपविधी मागून घ्या.

पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७०च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या अपार्टमेंट आहेत. तिथे वेगळ्या सभासदत्वाचा प्रश्न येत नाही, घोषणापत्रातल्या अटी मात्र वाचाव्या लागतात.

नव्या प्रकल्पात बिल्डरने नाकारलं तर महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं ‘फॉर्म बी’ उघडा. वाटपाच्या वेळी कोणाशीही भेदभाव करणार नाही असं प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, त्यात शपथेवर लिहून दिलेलं असतं. त्याची प्रत जोडून आधी बिल्डरला ईमेल करा. तक्रारीची फी ५,००० रुपये आहे, पण बरीच प्रकरणं त्या ईमेलनंतरच सुटतात.

पुरावा

मूळ मेसेज फोनमधून पुसू नका, फोनही बदलू नका. स्क्रीनशॉट कापून घेऊ नका, नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, आणि पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा. जाहिरातीत ‘फक्त शाकाहारी’, ‘ओन्ली फॅमिली’ असं असेल तर पान उतरवून घ्या, ते दुसऱ्या दिवशी गायब होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४)प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक तुमचं आणि एक तज्ज्ञाचं. वकिलाला याची आठवण पहिल्याच दिवशी करून द्या.

सगळ्यात बोलका पुरावा जोडीच्या चौकशीचा. तुम्हाला ‘फ्लॅट गेला’ सांगितल्यावर त्याच दिवशी सारख्याच पगाराच्या, सारख्याच कुटुंबाच्या, पण वेगळ्या आडनावाच्या ओळखीच्या माणसाने त्याच एजंटला विचारावं. ‘आहे, कधी बघायला येताय?’ हे उत्तर, वेळेसह, नुसत्या आरोपापेक्षा कितीतरी जड. मात्र खोटं नाव किंवा खोटी कागदपत्रं वापरू नका, तिथे प्रकरण तुमच्यावर उलटतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. जाताना घटनांची तारीखवार एक पानी यादी न्या: कधी, कोण, कुठल्या फ्लॅटबद्दल, नेमके शब्द काय, तेव्हा आणखी कोण हजर होतं.